वाचनाची नोंद आणि वाचनाचा इतिहास

१

साहित्याचा इतिहास हा प्रायः लेखकांचा आणि ग्रंथांचा इतिहास असतो. ग्रंथ केव्हा लिहिला गेला, केव्हा छापला गेला, त्याच्या आवृत्त्या किती निघाल्या, याची साधने उपलब्ध असतात आणि अभ्यासक त्यांच्या आधारे कालपट मांडतो. मराठीत शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'ने १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडांतील मुद्रित ग्रंथांची नोंद सिद्ध केली आणि या प्रकारच्या इतिहासलेखनाला भक्कम आधार मिळवून दिला. परंतु छापलेला ग्रंथ हा वाचलेला ग्रंथ असतोच असे नाही. सूचीच्या या बाजूला ग्रंथ आहेत. पलीकडच्या बाजूला वाचक आहे, आणि तो बहुधा मुका आहे.

या मुक्या वाचकाला साहित्यविचारात स्थान मिळाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टन्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात वाचकांच्या अपेक्षांचे क्षितिज हा साहित्येतिहासाचा पाया मानावा अशी मांडणी केली. वोल्फगांग ईझर यांनी संहितेतच गृहीत धरलेल्या वाचकाची संकल्पना विकसित केली. या दोन्ही मांडण्यांचे मोल निर्विवाद आहे. तथापि हा वाचक संहितेवरून अनुमानाने उभा केलेला आहे. अमुक गावी, अमुक साली, अमुक पुस्तक हाती घेणारा प्रत्यक्ष माणूस त्यातून दिसत नाही. त्याचा शोध घ्यायचा तर साधने निराळी हवीत, हे रॉबर्ट डार्न्टन यांच्यासारख्या ग्रंथेतिहासकारांनी १९८० च्या दशकात आग्रहाने सांगितले.

अशा साधनांपैकी सर्वांत साधे आणि सर्वांत फसवे साधन म्हणजे वाचकाने स्वतःच्या हाताने ठेवलेली वाचलेल्या पुस्तकांची नोंद. ती साधी अशासाठी, की तीत पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि फार तर तारीख यांपलीकडे बहुधा काही नसते. ती फसवी अशासाठी, की वाचन ही घटना जशी घडते तशी या नोंदीत येत नाही. नोंद कोणत्या कालमापाने ठेवली आहे, दिवसाच्या, महिन्याच्या की वर्षाच्या, यावर तीत वाचनाचा कोणता भाग टिकेल आणि कोणता गळेल हे ठरते. प्रस्तुत लेखात या कालमापाच्या प्रश्नाचा काही प्रसिद्ध नोंदींच्या आधारे विचार केला आहे.

२

वाचनाची नोंद ही गोष्ट मुद्रणापेक्षा जुनी आहे. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठावर आरूढ झालेल्या फोटियसने वाचलेल्या ग्रंथांचा एक प्रचंड संग्रह सिद्ध केला. त्यात सुमारे २८० प्रकरणे असून भाऊ टॅरेसियस याच्यासाठी आपण हे लिहीत आहोत अशी त्याची भूमिका आहे. प्रत्येक प्रकरणात ग्रंथाचा सारांश, शैलीविषयीचा अभिप्राय आणि क्वचित दीर्घ उतारे आहेत. त्याने वाचलेल्या ग्रंथांपैकी जवळजवळ निम्मे आज नष्ट झाले आहेत आणि त्यांतील कित्येकांची ओळख केवळ याच नोंदीतून होते. मात्र फोटियसच्या नोंदीत काळ नाही. कोणता ग्रंथ आधी वाचला, कोणता नंतर, किती दिवसांत, हे तीत येत नाही. कारण तेथे नोंद ग्रंथाच्या ऐवजी ठेवलेली आहे. वाचणाऱ्याच्या आयुष्याशी तिचा संबंध जोडलेला नाही.

वाचन आणि तारीख यांचा संबंध आपल्याकडे एका निराळ्या वाटेने आला. पोथीच्या शेवटी लेखनसमाप्तीचा शक, संवत्सर, तिथी देण्याची प्रथा होती. ती तारीख रचनाकाराची किंवा नकलकाराची असे. वाचकाच्या तारखेला पोथीत जागा नव्हती. या नियमाला एक थोर अपवाद सांगता येईल. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, अपपाठांनी मलिन झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि त्या कामाचा शक ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवला. या घटनेकडे पाठचिकित्सेचे एक पर्व म्हणून नेहमी पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ती एका वाचकाने केलेली आपल्या वाचनाची कालनिर्देशासह नोंदही आहे. एकच ग्रंथ, त्याचे अनेक पाठ, आणि त्यांतून निवड करणारा एक वाचक असे तिचे स्वरूप आहे. किती ग्रंथ वाचले हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

योगायोग असा, की त्याच १५८४ साली इटलीतील फ्रिउली प्रांतात दोमेनिको स्कान्देल्ला ऊर्फ मेनोक्किओ या गिरणीवाल्यावर पाखंडाच्या आरोपावरून पहिला खटला चालला. कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या चौकशीच्या कागदपत्रांवरून या माणसाने कोणती पुस्तके वाचली आणि ती कशी वाचली याची पुनर्रचना केली. मेनोक्किओच्या वाचनाची नोंद त्याने स्वतः ठेवलेली नव्हती. ती चौकशी करणाऱ्यांच्या प्रश्नांतून तयार झाली. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, ती विलक्षण बोलकी आहे. पुस्तकात जे होते आणि त्याने त्यातून जे काढले, यांतील अंतर तीत दिसते. स्वहस्ते ठेवलेल्या याद्यांत नेमके हेच अंतर झाकलेले असते, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

३

आधुनिक अर्थाने वाचनाची यादी संभवते ती एका विशिष्ट ऐतिहासिक परिस्थितीत. जर्मन इतिहासकार रोल्फ एंगेल्झिंग यांनी असे प्रतिपादन केले, की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सामान्य वाचक मोजकेच ग्रंथ पुनःपुन्हा वाचत असे. त्यानंतर तो अनेक पुस्तके एकदाच वाचू लागला. या सिद्धान्तावर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, कारण दोन्ही रीती एकाच काळात, किंबहुना एकाच वाचकात, नांदताना दिसतात. परंतु यादीच्या संदर्भात त्याचा उपयोग होतो. पारायण करणाऱ्याला यादीची गरज नसते. सात दिवसांचा गुरुचरित्राचा सप्ताह पुरा करणारा वाचक मोजलीच तर आवर्तने मोजतो. यादी करतो तो एक पुस्तक संपवून दुसऱ्याकडे जाणारा वाचक. यादीला पुढचे पुस्तक हवे असते.

या नव्या वाचकाचे एक उत्कट उदाहरण म्हणजे मेरी शेली. १८१४ च्या जुलैमध्ये, सोळाव्या वर्षी, ती पर्सी शेलीबरोबर घर सोडून निघाली आणि त्याच वेळी दोघांची सामाईक रोजनिशी सुरू झाली. वर्ष संपले, की त्या वर्षात वाचलेल्या पुस्तकांची यादी मेरी लिहून ठेवी. शेलीनेही वाचलेल्या पुस्तकांपुढे वेगळी खूण करी. यादीतील ती खूण म्हणजे एका सहजीवनाचाच आलेख आहे. मे १८१५ ते जुलै १८१६ या काळातील रोजनिशीची वही हरवलेली आहे. १८१५ ची यादी मात्र शिल्लक आहे. परिणामी 'फ्रँकेन्स्टाइन'च्या पूर्वतयारीचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना या यादीचा मोठाच आधार वाटत आला आहे. १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीतील निर्मित प्राण्याला रानात सापडलेली तीन पुस्तके, म्हणजे मिल्टनचे 'पॅराडाइज लॉस्ट', प्लुटार्कची चरित्रे आणि गटेचा 'वेर्थर', ही त्या वर्षांतील मेरी आणि शेली यांच्या वाचनात होती.

येथे तौलनिक अभ्यासाला परिचित असलेला मोह उत्पन्न होतो. पुस्तक यादीत आहे, कादंबरीतही आहे. म्हणून प्रभाव सिद्ध झाला! वस्तुतः यादीने पुस्तक हाताशी होते एवढेच सिद्ध केले. ते वाचून काय घडले हे कादंबरीच सांगते, आणि ती जे सांगते ते यादीच्या विरुद्ध दिशेचे आहे. सुशिक्षित घरातील मुलगी पुस्तकांमागून पुस्तके वाचून त्यांची नोंद ठेवते. तिच्या कादंबरीतला अनाम प्राणी मात्र तीनच पुस्तके वाचतो, ती खरी मानतो आणि त्यांतून स्वतःचे एकाकीपण ओळखतो. ज्या लेखिकेजवळ लांबलचक यादी होती तिने यादी नसलेला वाचक निर्माण केला.

वार्षिक यादीत न मावणारे आणखीही काही असते. फेब्रुवारी १८१५ मध्ये मेरीला अकाली प्रसूती होऊन मुलगी झाली. ६ मार्चला ती दगावली. त्या दिवसाच्या रोजनिशीत, मूल मृत आढळल्याच्या त्रोटक नोंदीखाली, संध्याकाळी जेझुइट पंथाच्या ऱ्हासाविषयीचे एक पुस्तक वाचल्याची नोंद आहे. वर्षाच्या यादीत ते पुस्तक इतर पुस्तकांसारखेच एका ओळीचे झाले असते. ते कोणत्या संध्याकाळी, कशासाठी हाती धरले होते, हे केवळ दिवसाच्या नोंदीमुळे कळते. वार्षिक यादी वाचन परिस्थितीपासून सोडवून घेते. साहित्येतिहासाला सोयीचे असलेले हे सोडवणे वाचनाच्या इतिहासाच्या दृष्टीने मोठे नुकसान आहे.

४

मग नोंद रोजची असावी काय? इंग्लंडचे चार वेळा पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन यांची रोजनिशी या प्रश्नाचे उत्तर देते. वयाच्या पंधराव्या वर्षी, जुलै १८२५ मध्ये सुरू झालेली ही रोजनिशी १८९६ च्या अखेरीपर्यंत चालली, आणि १९६८ ते १९९४ या काळात ती चौदा खंडांत प्रसिद्ध झाली. लिहिलेली पत्रे, घेतलेल्या भेटी, चर्चमधील उपस्थिती यांच्या जोडीला त्या दिवशी काय वाचले हे तीत नेमाने येते. वाचलेल्या ग्रंथ-पुस्तिकांची एकूण संख्या सुमारे वीस हजारांच्या घरात जाते. ईश्वराने दिलेल्या वेळेचा जमाखर्च या दृष्टीने ते या रोजनिशीकडे पाहत. अर्थमंत्री म्हणून देशाचा जमाखर्च मांडणाऱ्या गृहस्थाने आपल्या घटकांचाही हिशोब द्यावा, यात एका धार्मिक नीतिकल्पनेचे प्रतिबिंब आहे.

या हिशोबात एक पुस्तक अनेक दिवस पुनःपुन्हा येते; म्हणजे वाचन चालू असताना ते दिसते. मेरीच्या यादीत हे शक्य नव्हते. परंतु दिवसाच्या नोंदीत पुस्तकाची एकसंधता हरपते. पत्रे आणि भेटी यांच्या रांगेत ते दिनक्रमातील एक काम होऊन बसते. वाचकाने त्याविषयी काय ठरवले हे सांगायला त्या ओळीत अवकाश नसतो.

दिवस आणि समाप्ती यांतील हा ताण चार्ल्स डार्विनच्या वाचनवह्यांत सर्वांत उद्बोधक रीतीने प्रकट होतो. १८३८ पासून १८६० पर्यंत डार्विनने 'वाचायची पुस्तके' आणि 'वाचलेली पुस्तके' अशा याद्या ठेवल्या. त्या याद्यांत शास्त्रीय ग्रंथांच्या बरोबरीने चरित्रे, प्रवासवर्णने आणि कादंबऱ्याही आहेत. वाचायच्या पुस्तकांची यादी ही इच्छेची नोंद असते आणि वाचलेल्यांची यादी ही त्या इच्छेतून काय पार पडले याची. दोन्ही एकत्र पाहिल्या तरच वाचकाची दिशा कळते. या वह्या आज आकडेशास्त्रीय अभ्यासालाही उपयोगी पडल्या आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात डार्विनचे प्रत्येक पुस्तक आधीच्या पुस्तकांपासून विषयदृष्ट्या किती दूर आहे, हे या नोंदींच्या आधारे मोजण्याचा प्रयत्न झाला.

तरी नोंदीची मर्यादा एकाच उदाहरणात स्पष्ट होते. १८७६ मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तात डार्विनने सांगितले, की ऑक्टोबर १८३८ मध्ये आपण माल्थसचा लोकसंख्येवरील ग्रंथ सहज करमणुकीखातर वाचला आणि जीवनकलहाच्या कल्पनेला त्यातून चालना मिळाली. वाचनाच्या यादीत माल्थसपुढे ३ ऑक्टोबर ही तारीख आहे. म्हणजे आठवण आणि यादी यांचा मेळ बसतो. परंतु डार्विनच्या शास्त्रीय टिपणवहीत माल्थसने जागवलेला विचार २८ सप्टेंबर या तारखेखाली आला आहे. पुस्तक संपले ऑक्टोबरमध्ये. वीज चमकली ती पुस्तक अर्धवट हातात असताना, सप्टेंबरमध्ये. यादीने समाप्ती टिपली आणि घटना निसटली. यादीची तारीख खोटी नाही. ती निराळ्या गोष्टीची तारीख आहे.

५

यावरून असे म्हणता येईल, की वाचलेल्या पुस्तकांची यादी ही मुळात पुस्तके संपल्याची यादी असते. जे पुस्तक मध्येच सोडले, जे नुसते चाळले, जे संपवण्यासाठी वाचलेलेच नव्हते, त्याला तीत स्थान नाही. या दृष्टीने महात्मा गांधींच्या येरवडा कारागृहातील नोंदी विचारात घेण्याजोग्या आहेत. मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर गांधींना येरवड्यास आणण्यात आले. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीस त्यांची सुटका झाली. या काळात त्यांनी सुमारे दीडशे पुस्तके वाचली. तुरुंगातील रोजनिशीत पुस्तक पुरे केल्याच्या त्रोटक नोंदी तारीखवार आढळतात. गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास, गटेचा 'फाउस्ट', किपलिंग आणि ज्यूल व्हर्न यांच्याबरोबर गुजराती अनुवादातील महाभारत असा हा पट आहे.

सार्वजनिक जीवनात वाचायला न मिळालेला वेळ सरकारने सक्तीने दिला, असे या नोंदीचे स्वरूप असल्यामुळे तीत जमाखर्चाची ग्लॅडस्टनसारखी जाणीव उमटावी हे स्वाभाविकच होते. परंतु १९२४ मध्ये 'यंग इंडिया'तून तुरुंगातील अनुभव लिहिताना गांधींनी ही यादी उलगडली आणि तेव्हा तिच्यातील समान दिसणाऱ्या ओळी असमान झाल्या. गिबन आणि मॉटली यांचे इतिहास महाभारताच्या तुलनेने त्यांना थिटे वाटले. यादीत सर्व नावे एका पातळीवर होती. अभिप्रायाने ती उतरंड लावली. आणि ज्या गीतेचा पाठ नित्याचा होता, तिच्या बाबतीत 'पुरे केले' या शब्दांना अर्थच उरत नाही. एकाच कोठडीत, एकाच वाचकाजवळ, यादीत येणारे वाचन आणि यादीत न मावणारे वाचन अशी दोन्ही होती. एंगेल्झिंगच्या सिद्धान्तातील दोन युगे येथे एका माणसाच्या एका दिवसात सामावलेली दिसतात.

६

वर्षाच्या यादीत परिस्थिती गळते, दिवसाच्या नोंदीत पुस्तक विरघळते, आणि समाप्तीच्या तारखेत अपुरे वाचन लोपते. या तिन्ही अडचणींच्या संदर्भात महिना हे कालमाप विचारार्ह ठरते. ब्रिटिश कादंबरीकार निक हॉर्नबी यांनी सप्टेंबर २००३ पासून 'द बिलिव्हर' या अमेरिकन नियतकालिकात लिहिलेले वाचनविषयक सदर हे त्याचे अलीकडचे ठळक उदाहरण होय. प्रत्येक लेखाच्या आरंभी दोन याद्या असत : महिन्यात विकत घेतलेली पुस्तके आणि महिन्यात वाचलेली पुस्तके. या दोन याद्या क्वचितच जुळत. त्यांच्यातील तफावतीवरच लेख उभा राही. कुणावर प्रतिकूल लिहू नये असे त्या नियतकालिकाचे धोरण होते. त्यामुळे कंटाळून सोडलेल्या पुस्तकाचे नाव न देता, अनाम कादंबरी, अर्धवट सोडली, अशा आशयाची नोंद हॉर्नबी करीत. वाचनाच्या यादीत न वाचलेल्या पुस्तकाचा हा प्रवेश विनोदी आहे. परंतु त्याचे सैद्धान्तिक महत्त्व विनोदाने कमी होत नाही.

असे का घडावे? मेरी शेली काय, गांधी काय, त्यांची ओळ पुस्तक संपल्यावर लिहिली जाते; पुस्तकच नोंद मिटवते. मासिक नोंद मात्र महिना संपल्यावर मिटते, पुस्तक कोठेही असो. अखेरच्या तारखेला जे अर्धवट आहे ते अर्धवट म्हणून समोर येते. जे घेतले आणि उघडले नाही तेही येते. आणि ज्या महिन्यात काहीच वाचून झाले नाही तो महिना रिकाम्या रकान्याने बोलतो. वर्षाच्या यादीत असा रिकामा महिना बुजून जातो. शिवाय महिनाभरापूर्वी वाचलेले अद्याप आठवत असते. त्यामुळे नावापुढे दोन वाक्ये लिहिणे शक्य होते, आणि त्या वाक्यांबरोबर परिस्थितीही आत येते. दिवसाइतकी बारीक नाही आणि वर्षाइतकी ठोकळ नाही, अशी ही नोंद असते.

७

या विवेचनाचा मराठीतील साहित्याभ्यासाशी असलेला संबंध दुहेरी आहे. एक तर अमुक लेखकावर अमुक पाश्चात्य ग्रंथाचा प्रभाव आहे, अशी विधाने आपल्या समीक्षेत विपुल आढळतात. त्यांतील बरीच विधाने दोन संहितांतील साम्यावर उभी असतात. वाचनाचा पुरावा क्वचितच मागितला जातो. वाचनाची नोंद मिळाली तर असा पुरावा मिळेल हे खरे. पण डार्विनचे उदाहरण बजावते, की नोंदीतील तारीख आणि मनातील घटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि मेरी शेलीचे उदाहरण बजावते, की वाचलेले पुस्तक लेखनात येताना उलटेही होऊ शकते. यादी ही प्रभावाच्या चर्चेची सुरुवात आहे. तिने चर्चा मिटत नाही.

दुसरा संबंध साधनांचा आहे. १८९३ मध्ये ठाण्यास आणि १८९८ मध्ये मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. पुढे गावोगावी वाचनालये निघाली. देवघेव विभागाची नोंदवही हे अशा प्रत्येक संस्थेचे नित्याचे साधन. मात्र ती नोंद पुस्तक घरी नेल्याची आहे, म्हणजे हॉर्नबी यांच्या दोन याद्यांपैकी पहिलीच्या जातीची आहे. दुसरी यादी, काय वाचले ही, वाचकाच्या घरीच असते : दैनंदिनीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर, जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या बाजूला, शाळामास्तरांच्या किंवा पेन्शनरांच्या कपाटात. ग्रंथालये संस्था असल्यामुळे पहिली यादी निदान काही काळ जपली जाते. दुसरी वाचकाबरोबर संपते, कारण तिचे मोल घरच्यांना ठाऊक नसते आणि अभ्यासकांनी ते त्यांना सांगितलेले नसते.

हस्तलिखित पोथ्या घरोघर हिंडून गोळा करण्याचे मोठे काम आपल्याकडील संशोधकांच्या पिढ्यांनी केले. त्या पोथ्यांच्या समासातील आणि अखेरच्या पानांवरील बारीकसारीक मजकुरालाही त्यांनी साधनाचा दर्जा दिला. छापील पुस्तकांच्या युगातील वाचकाच्या वह्या त्याच आस्थेला पात्र आहेत. त्यांत साहित्यगुण नसेल, अभिप्राय बाळबोध असतील, नावे चुकीची लिहिलेली असतील. पण दाते यांच्या सूचीतील एखादे विस्मृत पुस्तक कुणा अज्ञात वाचकाच्या वहीत एखाद्या महिन्याखाली 'अर्धे वाचले' अशा शेऱ्यासह आढळले, तर त्या पुस्तकाच्या इतिहासाला प्रकाशनवर्षापुढची दुसरी तारीख मिळेल. आज त्या पुस्तकापाशी पहिलीच तारीख तेवढी आहे.